जमा, नावे आणि ‘हस्ते’

दिवाळीला चोपडीपूजन होते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि जुनी वही बाजूला सरते. त्या जुन्या वहीचे पुढे काय होते, हा प्रश्न व्यापारी घरांत सहसा कोणी विचारीत नाही. कायद्याला लागतात तेवढी वर्षे ती कपाटात राहते, मग लाल बासनात बांधून माळ्यावर जाते. आणि घराची वाटणी झाली किंवा वाडा पाडून इमारत उभी करायची ठरली की एका दुपारी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. आता हिशोब संगणकात गेल्यापासून तर नव्या वहीत पूजेपुरती दोनच पाने भरलेली असतात.

श्रीगोंदा तालुक्यातील एका बाजाराच्या गावी असेच एक घर आहे. किराणा आणि धान्याचे दुकान, पुढे आडत, मागे वाडा. सध्याची पेढी सुरू होऊन शंभर वर्षे झाली, म्हणून घरच्यांनी स्मरणिका काढण्याचे ठरवले. अशा स्मरणिका आपल्या सर्वांच्या घरी येतात. आर्ट पेपरवर छापलेली वंशावळ, पणजोबांचे पगडीतले रंगवलेले छायाचित्र, दिलेल्या देणग्यांची यादी, मान्यवरांचे शुभसंदेश आणि मधूनमधून नातेवाइकांच्या दुकानांच्या जाहिराती, असा त्यांचा ठरलेला साचा असतो. त्या एकदा चाळल्या जातात आणि पुन्हा उघडल्या जात नाहीत. या स्मरणिकेतील घराण्याच्या इतिहासाचे काम धाकट्या नातीकडे आले. ती नगरला वसतिगृहात राहून कला शाखेत शिकते आणि तिचे मराठी घरात सर्वांत चांगले, एवढेच त्यामागचे कारण होते.

योगायोग असा की त्याच सुमारास तिच्यापुढे महाविद्यालयाचेही एक काम होते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात ‘समुदाय सहभाग प्रकल्प’ आला आहे. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडावे, लोकांत जावे, काही तास त्यांच्यासोबत काढावेत आणि त्याचा अहवाल द्यावा, अशी त्यामागील कल्पना. दोन श्रेयांकांचा हा विषय पुष्कळ ठिकाणी वृक्षारोपणाच्या छायाचित्रांवर निभावला जातो. परंतु या मुलीच्या मराठीच्या प्राध्यापिका वेगळ्या निघाल्या. त्यांनी सांगितले की अहवाल नको, गोष्ट हवी. गावातील एका वृद्ध व्यक्तीकडे जा, तिच्या आयुष्यातील एक खरी गोष्ट ऐका आणि कथेइतकी वाचनीय लिहा. मात्र कल्पनेचा एक दाणाही त्यात मिसळू नका. त्यांच्या अटी कडक होत्या. तारीख आणि ठिकाण जमेल तेवढे पडताळायचे. जे सांगणाऱ्याने सांगितले ते आणि जे आपण अनुमानाने जोडले ते वेगळे दिसले पाहिजे. लिहून झाल्यावर सांगणाऱ्यापुढे बसून ते पूर्ण वाचून दाखवायचे. त्याने नाही म्हटले तर ते फाडायचे. आणि शेवटी सगळ्या गोष्टींचे जाहीर वाचन, ज्याला सांगणाऱ्यांनाच पाहुणे म्हणून बोलवायचे.

इंग्रजीत या लेखनप्रकाराला ‘क्रिएटिव्ह नॉनफिक्शन’ म्हणतात. ली गटकाइंड या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९३ साली त्याच नावाचे नियतकालिक काढले. त्याच्या कितीतरी आधी, १९४८ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी लोकांच्या तोंडून इतिहास टिपणारे केंद्र उभारले. तिकडच्या विद्यापीठांत अशी केंद्रे आता रुळली आहेत. तेथे लेखनही शिकवले जाते आणि आसपासच्या वस्तीशी नातेही जोडले जाते. आपल्याकडे समाजकार्याचे विद्यार्थी खेड्यांत जातात. नगरमध्येच अहमदनगर महाविद्यालयाच्या परिवारातील सीएसआरडी ही संस्था हे शिक्षण देत आली आहे. परंतु गावोगावच्या खऱ्या गोष्टी चांगल्या मराठीत लिहवून घेऊन त्या जपणारे केंद्र प्रत्येक जिल्ह्याला एक असावे, अशी निकड मात्र अजून कोणाला वाटलेली दिसत नाही.

वास्तविक नगरइतकी या लेखनाला पोसणारी भूमी दुसरी क्वचितच असेल. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. तेथे नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. मौलाना आझादांनी त्याच भिंतींआड एका मित्राला उद्देशून पत्रे लिहिली, ती कमी लोकांना माहीत आहेत. ती पत्रे टपालात पडायची नव्हतीच. खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी त्यांचे झालेले भांडण आणि पुढे जमलेली मैत्री त्यांत आहे, पहाटेचा चहा आहे, आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये पत्नी कलकत्त्यात वारली तेव्हा इकडे कैदेत असलेल्या नवऱ्याने स्वतःला कसे सावरले तेही आहे. ‘गुबार-ए-खातिर’ हे त्या पत्रांचे पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांच्या संसाराचा मोठा भाग नगर आणि राहुरीत गेला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या सर्वांत जास्त हसल्या त्या स्वतःलाच. आणि अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये त्यांनी गावकुसाबाहेरचे जिणे लिहिलेच, पण स्वतःच्या वागण्यातील लाज वाटावी अशा गोष्टीही झाकल्या नाहीत. या तिघांत काही साम्य असेल तर एवढेच की त्यांनी आपल्या खात्यात नावेची बाजूही लिहिली.

मुलीने प्रथम आजोबांनाच गाठले. एका कामात दोन्ही कामे उरकतील, असा तिचा हिशोब होता. तो घराण्याच्या स्वभावाला धरूनच होता.

आजोबांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे गोष्टींची कमतरता नव्हती. मारवाडातून आलेले पूर्वज, उंटावरचा प्रवास, पहिले दुकान. जुन्या वह्या महाजनी लिपीत असत. त्या लिपीत काना-मात्रा नसल्याने ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली, हा आपल्या सर्वांनी ऐकलेला विनोद त्यांनीही सांगितला. मग ते गंभीर झाले आणि घरातली खरी मोठी गोष्ट सांगू लागले. त्यांच्या आजोबांच्या वडिलांच्या वह्या गावाने जाळल्या होत्या. रात्रीतून घर सोडावे लागले, सारे नगरला गेले, दोन वर्षांनी परतले आणि शून्यातून उभे राहिले. स्मरणिकेचे पहिले प्रकरण हेच असावे, असा त्यांचा आग्रह होता.

“दादाजी, त्या वह्यांत लिहिलं काय होतं?” मुलीने विचारले.

आजोबांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. ते म्हणाले, “हिशोब होता बेटा. दुसरं काय असणार?”

ती नगरला परतली आणि ग्रंथालयात बसली. जे घराण्यात ‘वह्या जाळल्या’ एवढेच उरले होते त्याला इतिहासात दख्खनचे दंगे असे नाव आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी आरंभ झाला आणि लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत पोहोचले. बहुतेक सावकार मारवाडी आणि गुजराती होते. जमावाला हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते मिळाले की तेथेच जाळायचे. जिथे ते मुकाट्याने मिळाले तिथे माणसाला इजा फारशी झाली नाही, हे विशेष. सरकारने आयोग नेमला. त्याने शोधलेली कारणे व्यापाऱ्याने शांतपणे वाचावी अशी आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धात कापसाचे भाव चढले तेव्हा कुळांना सढळ हाताने कर्ज मिळाले. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले, त्याच सुमारास सारा वाढला आणि पेढ्यांनी हात आखडता घेतला. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली होती, ती कुळाच्या संरक्षणासाठी. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा होऊ लागला, आणि ज्याला वाचता येत नव्हते तो त्यावर अंगठा देत गेला.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यातील एक तरतूद बँकेत आयुष्य काढलेल्या कोणाही माणसाला थांबून वाचावीशी वाटेल. न्यायालयाने रोख्यावरचा आकडा पाहून थांबू नये. व्यवहार पहिल्यांदा सुरू झाला तेव्हापासूनचा त्याचा सारा इतिहास तपासावा, असे त्यात सांगितले होते. कुळाला पावती, वर्षाचा खातेउतारा आणि मागितल्यास पासबुक देण्याची सक्तीही त्याच कायद्यात होती. पासबुक ही बँकांनी ग्राहकावर केलेली मेहेरबानी आहे, असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

मुलीने हे सारे आजोबांना फोनवर वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “सगळे तसे नव्हते.” तेही खरेच असावे. पण त्या घरातल्या वह्यांत नेमके काय होते, ते आता कोणालाच कळणार नाही, त्या जळाल्या. आजोबांच्या पिढीपर्यंत आलेली गोष्ट केवळ जमेच्या बाजूची होती. जाळणाऱ्यांच्या घरांतही एक गोष्ट उरली असेल, असे मुलीला वाटले, म्हणून प्रकल्पासाठी तिने घराबाहेरचे माणूस निवडले.

गावाच्या वरच्या अंगाला एका शेतकरी कुटुंबातील वृद्धा राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, कान शाबूत, नजर अधू. १८७५ चे त्यांना काही ठाऊक नव्हते. त्यांनी १९७२ सांगितले.

त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना आकडे सांगण्याची गरज नाही. लागोपाठ पाऊस हुकलेला, विहिरी तळाला गेलेल्या, जनावरे सोडून दिलेली. सरकारी दुष्काळी कामांवर बाया खडी फोडीत, पाझर तलावाच्या बांधावर माती टाकीत. अमेरिकेतून आलेला लाल मिलो शिजवून खात. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला त्याची मुळे याच खडीत आहेत. म्हातारी सांगत होती, मुलगी लिहून घेत होती. पहिल्या उन्हाळ्यात, दुष्काळी काम सुरू होण्याआधी, घरात दाणा नव्हता तेव्हा नवऱ्याने तिचे चांदीचे तोडे शेठजींच्या दुकानात गहाण टाकले आणि दोन पोती ज्वारी आणली. तोडे तिच्या आईने लग्नात घातलेले होते.

“मंग सोडवले का, आजी?”

“कुढं सोडवले. गेले ते गेलेच. शेठनी परत नाय दिले.” आणि थोडे थांबून, “तू त्यांचीच नात ना? तुला राग आला आसंल.”

मुलीने नाही म्हटले. घरी येऊन तिने ते जसेच्या तसे लिहिले. नियमाप्रमाणे म्हातारीला वाचून दाखवले; म्हातारीने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि नाव घालायला हरकत नाही म्हणाली. मग, प्राध्यापिकेच्या नियमांत हे नव्हते, पण तिने तेच आजोबांनाही वाचून दाखवले.

त्या संध्याकाळी वाड्यात बराच वाद झाला. मुलीच्या काकांचे म्हणणे असे की महाविद्यालयात काय द्यायचे ते दे, पण शताब्दीच्या अंकात हे कशाला? पन्नास वर्षांपूर्वीचे तोंडी बोलणे, ना कागद ना साक्षीदार. आज एक म्हातारी बोलली, उद्या दहा घरे उठतील. पेढीच्या नावावर शंभर वर्षे लोकांनी विश्वास ठेवला, तो तुझ्या दोन गुणांसाठी पणाला लावायचा का? काकांचे बोलणे कडवट होते, पण वेडगळ नव्हते. ज्याची पत हेच भांडवल आहे त्याने लोकापवादाची धास्ती घेऊ नये, असे कोण म्हणेल? संवत्सरीला आपण सर्वांची क्षमा मागतो ती मोघम असते, कोणत्या खात्यावरची ते तिथे लिहावे लागत नाही. म्हणून ती सोपी जाते.

आजोबा काहीच बोलले नाहीत. १९७२ साली ते पंचवीस वर्षांचे होते. वडील गादीवर बसत आणि वह्या ते स्वतः लिहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गड्याकडून माळ्यावरची बासने उतरवून घेतली. दोन वाळवीने खाल्ली होती, बाकीची धड होती. रोजमेळातून खतावणी, खतावणीतून गहाणाची वही, असा शोध चालला. १९७२ च्या उन्हाळ्यातील नोंद सापडली: ज्वारी पोती दोन, तोडे चांदीचे जोड एक, म्हातारीच्या नवऱ्याचे नाव. आणि तीन वर्षांनंतरच्या, संवत् २०३१ च्या वहीत तेच खाते चुकते केलेले. तोडे जोड एक परत दिले. खाली अंगठा.

हे कसे झाले याचा उलगडा तारखेवरून होत होता. ऑगस्ट १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कर्जमुक्तीचा अध्यादेश काढला. छोटे शेतकरी, शेतमजूर, कारागीर यांची सावकारी कर्जे त्याने संपुष्टात आणली आणि गहाण वस्तू परत करायला लावल्या. त्याचा पुढे कायदा झाला. सावकारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊनही तो १९७७ साली टिकला. सुप्याच्या दंग्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी हे घडावे, हा केवळ योगायोग. त्या दिवसांत पेढीने किती जिन्नस परत केले त्याची पाने भरून यादी त्या वहीत होती. मुद्दल बुडाल्याचीही.

आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी नातीला हाक मारून पान दाखवले. “बघ. दिलेत. माझंच अक्षर आहे.”

मुलीने पान वाचले. मग पुन्हा वाचले. “दादाजी, इथं ‘हस्ते’ पुढे दुसरंच नाव आहे.”

होते. हस्ते, धाकटे बंधू. म्हातारीचा नवरा तेव्हा ऊसतोडीला गेला होता की आणखी कुठे, ते वहीत असण्याचे कारण नाही. ज्याच्या नावावर खाते तो आला नव्हता, आणि जिचे तोडे तिचे नाव दोन्हीपैकी कोणत्याच पानावर नव्हते. बँकेत बुडीत गेलेल्या प्रकरणांची तपासणी करताना अशी जागा हमखास सापडते. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, सही बरोबर. आणि माल भलत्याच्या हाती. एकत्र कुटुंब, सख्खा भाऊ, रोजचा ओळखीचा माणूस. कोणीही दिले असते. पेढीच्या हिशोबात खाते बेबाक झाले, आणि पलीकडच्या घरात ते पन्नास वर्षे उघडेच राहिले. धाकट्या भावाने तोडे घरी नेऊन दिले की विकले, हे सांगायला तो आता नाही. थोरलाही नाही.

काकांना ही नोंद मिळताच आनंद झाला. त्यांच्या मते आता प्रश्न मिटला होता: वहीचे छायाचित्र छापा, पेढीचा प्रामाणिकपणा सिद्ध. आजोबांनी मान हलवली. छापायचे की नाही ते नंतर पाहू, आधी ज्यांचे आहे त्यांना दाखवायला हवे, असे ते म्हणाले. म्हातारीचे म्हणणे तिला वाचून दाखवले होते, तसे वहीचे म्हणणेही तिलाच प्रथम वाचून दाखवणे भाग होते. नातीचा नियम त्यांच्या पक्का ध्यानात राहिला होता.

बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, म्हणून ते दुसऱ्या दिवशी गेले. वही त्यांनी गड्याकडे दिली नाही, स्वतःच्या काखेत घेतली. गावाच्या वरच्या अंगाला ते कित्येक वर्षांत गेले नव्हते; वाटेत नातीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. म्हातारीने ओसरीवर घोंगडी टाकली. चहा झाला, पावसाचे बोलणे झाले.

“वहिनी,” आजोबा म्हणाले, “तुमचे तोडे आमच्या वहीत परत दिल्याचं लिहिलंय.”

“लिहिलं आसंल,” म्हातारी म्हणाली.

त्यांनी पान तिच्यापुढे धरले. तिला वाचता येत नव्हते आणि फारसे दिसतही नव्हते. नातीने तिचे बोट धरून त्या निळ्या ठशावर ठेवले. म्हातारीने ते तिथेच ठेवले.

“ह्यो अंगठा कुणाचा?”

आजोबांनी नाव वाचले. मग स्वतःहूनच म्हणाले, “मी विचारायला पाहिजे होतं. तुम्हाला बोलवायला पाहिजे होतं. नाही विचारलं.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. ओसरीच्या पलीकडे कोणीतरी भांडी घाशीत होते. म्हातारीने वहीवरचे बोट उचलले आणि मुलीकडे वळून विचारले, “हे बी लिहिलंस का तू?”

“अजून नाही, आजी.”

“मंग लिही. पर त्याचं नाव नको घालू. त्याची सून हितं पलीकडंच राहती.”